घारापुरी : एका दिवसाच्या पाहुण्यांचें बेट

मुंबईंत हाडें झिजविलेल्या माणसास "घारापुरी पाहिली काय?" असें विचारावें; तो हटकून "लहानपणीं शाळेबरोबर गेलों होतों" असें सांगतो आणि विषय पालटतो. गेटवेच्या पायऱ्यांपासून हें बेट उणेंपुरें दहा-अकरा किलोमीटर दूर; लाँचीनें तासाभराचा प्रवास. काशी-रामेश्वर करून आलेलीं, युरोपाची सफर करून आलेलीं कित्येक कुटुंबें आमच्या ओळखीचीं आहेत. परंतु समोरच्या खाडींतील डोंगराच्या पोटांत दीड हजार वर्षांपूर्वीं काय कोरून ठेवलें आहे, तें त्यांनीं थोरपणीं कधीं पाहिलेलें नाहीं. दुसऱ्यांस कशाला नांवें ठेवावीं? आमची स्वतःची स्थिति तीच होती. गेल्या हिंवाळ्यांत इंदुराहून आत्याबाई आल्या, आणि "मुंबईस येऊन नुसतीं दुकानें पाहून मी परत जायची नाहीं," असें त्यांनीं बजावलें, म्हणून आम्हांस हलावें लागलें.

प्रवासवर्णन लिहिण्याचा येथें आमचा हेतु नाहीं. तीं पुष्कळ झालीं आहेत. त्या दिवशीं गाइडानें जें सांगितलें, त्यांतील खरें किती व पदरचें किती, हें घरीं येऊन पुस्तकांशीं ताडून पाहावें अशी बुद्धि आम्हांस झाली, आणि त्यांत कित्येक आठवडे गेले. त्या ताडाताडींत एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. घारापुरीचा जो इतिहास आज आपल्या हातीं आहे, तो जवळजवळ सगळा आमच्यासारख्याच पाहुण्यांनीं लिहिलेला आहे. सकाळीं होडींतून यावें, एखाद्या स्थानिक माणसास पुढें घालावें, चार-सहा तास पाहावें, दोरीनें मापें घ्यावीं, फराळ करावा आणि भरती साधून परत जावें, हा क्रम जवळजवळ पांचशें वर्षें चालू आहे. बेटावर जे रात्रीं राहतात त्यांनीं कांहीं लिहिलें नाहीं. आणि ज्यांनीं लेणें कोरविलें त्यांनीं दारावर कांहीं लिहून ठेवलें होतें असें म्हणतात, तें आपण हरवून बसलों आहों. ती हकीकत पुढें येईलच.

लाँचींत चढतांना आत्याबाई जरा बिचकल्या. १८ डिसेंबर २०२४ रोजीं याच वाटेवर प्रवाशांनीं भरलेल्या लाँचीस नौदलाच्या एका वेगवान बोटीनें धडक दिली आणि पंधरा माणसें मरण पावलीं. तें वर्तमान त्यांनीं इंदुरास वाचलें होतें. आम्हां सर्वांच्या अंगांत नारिंगी रंगाचीं लाइफ-जॅकिटें चढविण्यांत आलीं. तीं घालून बसलेलें आमचें कुटुंब एखाद्या नाटकाच्या दुसऱ्या अंकांतून उठून आल्यासारखें दिसत होतें, तरी कोणी हंसलें नाहीं. लाँच सुटली. मागें गेटवे लहान होत गेला, नांगरलेलीं जहाजें दोहों बाजूंस आलीं, जवाहर द्वीपावरील तेलाच्या टाक्या मागें पडल्या, आणि दोन टेंकड्या व त्यांमधील हिरवी खिंड असें घारापुरीचें रूप समोर उभें राहिलें. समुद्रावरून पाहतां त्या डोंगरांत कांहीं आहे अशी शंकाही येत नाहीं. येथें लेणीं खोदणारांनीं ही जागा कां निवडली, याचें उत्तर या दृश्यांतच कोठेंतरी असावें असें आम्हांस वाटतें. बंदर हाकेच्या अंतरावर, आणि तरी एकांत! हा योग दुर्मीळ आहे.

बंदर म्हणावयाचें तें आजच्या मुंबईचें नव्हे. त्या काळीं मुंबई ही कोळ्यांचीं चार बेटें होती. घारापुरीस मात्र राबता होता. बेटावरील मोराबंदराच्या बाजूस रोमन कुंभांचीं खापरें सांपडलीं आहेत, म्हणजे इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतच पश्चिमेकडील मद्य वा तेल येथवर येत असे. पूर्वेकडील टेंकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. तेव्हां शैवांच्या पूर्वीं येथें बौद्ध येऊन गेले होते. दुसऱ्या पुलकेशीचा ऐहोळ येथील शिलालेख इसवी सन ६३४ चा. त्यांत पश्चिम समुद्राची लक्ष्मी अशी पुरी नांवाची नगरी त्यानें शेंकडों नौका घेऊन घेरली असें वर्णन आहे. ती पुरी म्हणजे हेंच बेट, असें कित्येक विद्वान मानतात. कित्येक मानीत नाहींत. एवढ्याशा बेटावर राजधानी कशी मावावी हा त्यांचा प्रश्न अगदींच टाकाऊ नाहीं.

धक्क्यावर उतरल्यावर लहान आगगाडी आहे. मुलें तिला फुलराणी म्हणतात. तिच्यांत बसून पायथ्याशीं जावें, आणि तेथून सुमारें सव्वाशें पायऱ्या चढाव्या. पायऱ्यांच्या दोहों बाजूंस ताडपत्र्यांखालीं दुकानें. मण्यांच्या माळा, दगडी हत्ती, टोप्या, लिंबूसरबत, आणि या सर्वांवर नजर ठेवून बसलेलीं माकडें. येथेंच आमचा गाइड आम्हांस मिळाला. पन्नाशीचा, शेतबंदराचा राहणारा, अंगानें काटक माणूस. "पुस्तकांत आहे तेंही सांगतों, नाहीं तेंही सांगतों," असें त्यानें पहिल्यानेंच सांगून टाकलें. आत्याबाईंस तो दहाव्या पायरीपासून मावशी म्हणूं लागला व त्यांची पिशवी त्यानें आपल्या खांद्यास लावली, तेव्हां दराची घासाघीस करण्याचा आमचा बेत तेथेंच संपला.

लेण्याच्या तोंडाशीं उभें राहून त्यानें आरंभ केला तो असा: "हें सगळें पांडवांनीं एका रात्रींत कोरलं. कोंबडा आरवला, म्हणून काम अर्धं राहिलं." आमच्या कपाळास आठी पडली. सुशिक्षित माणसास पांडव व एक रात्र हे दोन शब्द एका वाक्यांत ऐकवत नाहींत. परंतु घरीं येऊन जुने ग्रंथ चाळूं लागल्यावर ही आठी आम्हांस आवरून घ्यावी लागली. सतराव्या शतकाच्या आरंभीं दियोगो द कौतो नांवाच्या पोर्तुगीज इतिहासकारानें या लेण्याची हकीकत लिहिली आहे. त्यास तेव्हांच्या लोकांनीं सांगितलें कीं, हें काम बाणासुर राजानें करविलें; त्याची कन्या उषा हिनें येथें व्रतस्थ राहून काळ घालविला; आणि पूर्वीं या बेटावर सोन्याचा पाऊस पडला होता. त्याच्याही आधीं, १५६३ साली गोव्यास छापलेल्या आपल्या ग्रंथांत गार्सिया द ओर्ता या वैद्यानें, हें चिनी लोकांचें काम असें कांहीं जण म्हणतात, अशी नोंद केली आहे. म्हणजे चिनी गेले, बाणासुर आला. बाणासुर गेला, पांडव आले. आमच्या गाइडाच्या पूर्वजांनीं प्रत्येक पिढींतील पाहुण्यास कांहींतरी उत्तर दिलें, कारण पाहुणा विचारणारच, आणि खरें उत्तर कोणापाशींच उरलें नव्हतें.

या ओर्त्याविषयीं दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. हिंदुस्थानांतील वनस्पति व औषधें यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ प्रसिद्धच आहे. मुंबई बेट त्याच्याकडे खंडानें होतें, ही गोष्ट मुंबईकरांस कमी ठाऊक असते. आपल्या जहागिरीसमोरचें हें लेणें त्यानें प्रथम १५३४ साली, वसईशीं युद्ध चालू असतां पाहिलें. त्या वेळीं तें फार सुंदर होतें, आणि आतां गुरें आंत शिरत असल्यामुळें बरेंच नासलें आहे, असें तो लिहितो. बेटाचें नांव तो पुरी असेंच देतो; आपले लोक यास हत्तीचें बेट म्हणतात, अशी पुस्ती जोडतो. त्याच सुमारास म्हणजे १५३८ साली, पुढें गोव्याचा व्हाइसरॉय झालेला जुआंव द कास्त्रो गोव्याहून दीवकडे जातांना येथें उतरला, आणि त्यानें लेण्याचीं मापें घेतलीं. एक वैद्य, एक दर्यावर्दी. दोघेही थक्क झाले. ओर्त्यानें मात्र आपला विस्मय सैतानाच्या माथीं मारला. असली कारागिरी माणसांस भुलविण्यासाठीं सैतानानेंच दाखविली असावी, असा त्याचा तर्क! एखाद्या गोष्टीनें मन पूर्ण जिंकावें, आणि धर्मानें तें मान्य करूं देऊं नये, म्हणजे असल्या वाटा काढाव्या लागतात. त्या काळीं तरी ओर्त्याशिवाय इतकें कोण लिहीत होता?

आतां त्या शिलालेखाची गोष्ट. लेण्याच्या दारावर एक अक्षरें कोरलेला दगड होता. पोर्तुगीजांनीं तो काढविला आणि आपल्या राजाकडे, तिसऱ्या जुआंवकडे, पोर्तुगालास पाठविला. राजानें तो वाचून घेण्याची पुष्कळ खटपट केली, परंतु अक्षर कोणासच लागेना. पुढें तो दगड नाहींसा झाला. ही हकीकत कौतोचीच आहे. आमच्या गाइडासही ती ठाऊक होती, आणि ती सांगतांना त्याचा आवाज पहिल्यानेंच उतरला. "त्यावर बांधणाऱ्याचं नांव असणार ना, साहेब?" असें त्यानें आम्हांसच विचारलें.

असणार, असेंच कोणीही म्हणेल. अजिंठ्यास वाकाटकांच्या अमात्याचा लेख आहे. कार्ल्यास, नाशकास, कान्हेरीस दात्यांचीं नांवें भिंतीवर आहेत. वासराची जोडी दान देणारासही आपलें नांव रहावें असें वाटे, मग असें लेणें कोरविणारास वाटलें नसेल काय? ज्यानें तो दगड काढविला त्याच्या मनांत दुष्टावा होता असेंही म्हणतां येत नाहीं. त्यास बहुधा तें कुतूहल वाटलें, राजास नजराणा द्यावा असें वाटलें. तोडफोडीनें मूर्तीचा हात जातो, पाय जातो. तरी उरलेल्या अर्ध्यावरून आपण पूर्ण कल्पूं शकतों. हा एक दगड गेला आणि बेटाचें तोंडच बंद झालें. पुढच्या चारशें वर्षांच्या साऱ्या विद्वत्तेनें जें केलें तें त्या एका दगडाची भरपाई करण्याचें काम होय.

ती भरपाई कितपत झाली? बेटावर तांब्याचीं व शिशाचीं नाणीं सांपडलीं, तीं कलचुरि राजा कृष्णराज याचीं आहेत. कलचुरि राजे आपणांस परममाहेश्वर म्हणवीत, म्हणजे ते कट्टे शिवभक्त. इकडे लेण्यांतील प्रत्येक शिल्प शिवाचें, तेंही पाशुपत पंथास अनुकूल असें. कोरणीची धाटणी अजिंठ्याच्या उत्तरकाळाशीं व वेरुळाच्या आरंभकाळाशीं जुळते. यावरून हें लेणें इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्याचें, कलचुरींच्या काळचें, असें महामहोपाध्याय मिराशी यांच्यासारख्या विद्वानांचें मत पडलें, आणि अमेरिकन पंडित वॉल्टर स्पिंक यानें तें विस्तारानें मांडलें. नाण्यांच्या बाबतींत विद्वानांचें एक म्हणणें मोठें चित्तवेधक आहे: अशीं हलक्या किंमतीचीं नाणीं येथें सांपडावींत, याचा अर्थ तीं कामगारांच्या मजुरीचीं असावींत. हें आम्ही जेव्हां वाचलें तेव्हां आम्हांस मोठें समाधान वाटलें. राजाचें नांव दारावरून गेलें, तें पाथरवटाच्या खिशांतून पडलेल्या पैशावर मिळालें! अनुमान तें अनुमानच. उद्यां लिस्बनच्या एखाद्या भिंतींत तो दगड सांपडला, तर हें सारें पालटूंही शकेल.

असो. आम्ही आंत शिरलों. मुख्य मंडप सुमारें ९० फूट लांब व तितकाच रुंद. छत पंधरा ते सतरा फूट उंच. खांबांच्या ओळींमागून ओळी. खांब खालीं चौकोनी, वर गोल व पन्हळी, आणि माथ्यावर दाबलेल्या उशीसारखी बैठक. डोंगराचें वजन त्या उशींनीं झेलल्यासारखें दिसतें; खरें पाहतां खांब कांहींच उचलीत नाहींत, कारण सारा एकच खडक. बाहेरच्या उन्हांतून आंत आल्यावर पहिलीं पांच मिनिटें कांहीं दिसत नाहीं. मग समोरच्या भिंतींतून तीन मुखें हळूहळू पुढें येतात.

येथें आमच्या हातून जें झालें तें सांगणें प्राप्त आहे. गाइड म्हणाला, "ब्रह्मा, विष्णु, महेश." आत्याबाईंनीं हात जोडले. आम्हीं मध्येंच तोंड घातलें: हें ब्रह्मा-विष्णु-महेश नव्हेत, तिन्ही मुखें शिवाचींच आहेत, गोपीनाथ राव यांनीं शंभर वर्षांपूर्वींच ही महेशमूर्ति असल्याचें दाखविलें आहे, मधलें शांत मुख तत्पुरुषाचें, आपल्या डाव्या हाताचें मिशा असलेलें व सर्प धरलेलें उग्र मुख अघोराचें, आणि उजव्या हाताचें, कमळ घेतलेलें, तें वामदेवाचें, म्हणजे उमेचें. गाइडानें शांतपणें ऐकून घेतलें. "बरोबर आहे, साहेब," तो म्हणाला. "परीक्षेला तसंच लिहावं लागतं. पण मीं मावशींना तिघं सांगितले, कारण त्यांनीं हात तिघांना जोडले." आम्हीं पुढें कांहीं बोललों नाहीं. घरीं येऊन पाहतों, तर १८१३ साली विल्यम अर्स्किन यानें मुंबईच्या विद्वत्सभेसाठीं या लेण्याचें पहिलें पद्धतशीर वर्णन लिहून हें शिवालय असल्याचें सिद्ध केलें, त्या वेळींही लोक या मूर्तीस त्रिमूर्तिच म्हणत होते, आणि आजही सरकारी पत्रकापासून शाळेच्या पुस्तकापर्यंत सगळे तेंच म्हणतात. सुमारें अठरा फूट उंचीचा तो शिव मात्र डोळे मिटून बसला आहे. या वादाची त्यास खबर नसावी.

अर्स्किनच्या आधींचा एक पाहुणा आम्हांस फार आवडला. कार्स्टन नीबूर हा डेन्मार्कच्या राजानें अरबस्थानांत पाठविलेल्या मोहिमेंतील माणूस. त्याचे सोबती एकामागून एक मरून गेले. तो एकटा वांचला, आणि मुंबईंत असतां १७६४ साली तीनदां घारापुरीस गेला. मुंबईंतील इंग्रज या लेण्याकडे ढुंकून पाहत नाहींत याचें त्यास नवल वाटलें. त्यानें काढलेलीं चित्रें युरोपांत छापलीं गेलीं, आणि तिकडच्या विद्वानांस या लेण्याची खरी ओळख त्यांवरून झाली. दोनदां पाहून ज्याचें समाधान झालें नाहीं असा पाहुणा विरळा.

मूर्ति पाहतां पाहतां एक गोष्ट डोळ्यांत भरते. नटराजाचे पाय गेले आहेत. अंधकासुराचा वध करणाऱ्या शिवाचें कमरेखालचें अंग गेलें आहे. कल्याणसुंदराच्या शिल्पांत वधूवरांचे पाय नाहींत. वरचीं मुखें मात्र, पाहावीं तों, ताजीं वाटतात. गाइडाचें उत्तर तयार होतें: फिरंग्यांनीं आंत तोफा डागल्या, आवाज कसा घुमतो तें ऐकायला. ही कथा जुनी आहे, आणि पोर्तुगीजांनीं मूर्ति विद्रूप केल्या असें इंग्रज डॉक्टर फ्रायर यानेंही सतराव्या शतकांत लिहिलें आहे. त्यांस निर्दोष ठरविण्याचें आम्हांस कारण नाहीं. तरी सगळें पाप त्यांच्या पदरांत टाकून मोकळें होणें हेंही आम्हांस पटत नाहीं. ओर्त्यानें १५६३ साली गुरांचा उल्लेख केला आहे, तीं गुरें कांहीं लिस्बनहून आलीं नव्हतीं. पावसाळ्यांत जमिनीवर सांचणारें पाणी, खारी हवा, हाताच्या उंचीवर येईल तें फोडण्याची माणसाची जुनी खोड, हीं सगळीं त्यांत आलीं. पोर्तुगीजांनंतर मराठे आले, मराठ्यांकडून इंग्रजांनीं घेतलें. साळबाईच्या तहांत, १७८२ साली, साष्टीबरोबर घारापुरीचेंही नांव इंग्रजांकडे राहणाऱ्या बेटांत आहे. आणि इंग्रजांनीं काय केलें? १८७५ च्या नोव्हेंबरांत त्यांचा युवराज, पुढें सातवा एडवर्ड झाला तो, मुंबईस आला असतां या लेण्यांत दिवे लावून त्यास मेजवानी दिली. कास्त्रोनें मापें घेतलीं, नीबूरनें चित्रें काढलीं, युवराज जेवला. एका दिवसाच्या पाहुण्यांतही प्रकार असतात.

आत्याबाई सर्वांत अधिक वेळ थांबल्या त्या कल्याणसुंदरापाशीं. शिवपार्वतीच्या विवाहाचें तें शिल्प आहे. पार्वती शिवाच्या उजव्या अंगास उभी, मान खालीं, देह किंचित् वळलेला. पाठीमागून तिचा पिता तिला हळूच पुढें करतो आहे. खालीं ब्रह्मदेव उपाध्याय होऊन बसला आहे. चंद्र पाण्याचा घट घेऊन आला आहे. आत्याबाई म्हणाल्या, "बापानं ढकललं नसतं, तर ही पुढं गेली असती का रे?" गाइड म्हणाला, "मावशी, तिनं तर तप करून मागून घेतलाय त्याला. नुसतं लाजतेय." यावर आत्याबाई हंसल्या. मूर्तिशास्त्रावरील ग्रंथांत या संभाषणाइतकें नेमकें वर्णन आम्हांस पुढें कोठें आढळलें नाहीं.

तेथून गाइड आम्हांस पूर्वेच्या चौकांत घेऊन गेला आणि म्हणाला, "आतां इथून पुन्हा आंत चला." आम्ही चाललों, आणि लेणें पार पालटलें! उत्तरेच्या दारानें शिरणारास महेशमूर्ति समोर दिसते, म्हणून सारे पाहुणे तिलाच मुख्य समजतात. पूर्वेकडून शिरावें तर खांबांच्या रांगांतून सरळ समोर लिंगाचा गाभारा येतो. चार दारें, प्रत्येक दारास दोन दोन प्रचंड द्वारपाल. पूजेचा अक्ष हाच. मूळ वाट पूर्वेचीच असावी असें अभ्यासकांपैकीं कित्येकांचें मत आहे, तें आम्हीं नंतर वाचलें. आमच्या गाइडास तें कोणी शिकविलें असें विचारतां तो म्हणाला, "शिवरात्रीला आम्ही असेच येतों."

चहाच्या दुकानापाशीं बसलों असतां आत्याबाईंनीं त्याला विचारलें, "तुम्ही लोक रात्रीं इथंच राहतां? भीति नाहीं वाटत?" तो म्हणाला, भीति पाहुणे गेल्यावर उतरते; संध्याकाळची शेवटची लाँच गेली कीं बेट आमचें. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशीं येथें तीन गांवें. लहानपणीं त्यानें रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास केला. पुढें सरकारी यंत्रावर संध्याकाळीं तीन तास वीज मिळूं लागली. समुद्राखालून तार टाकून पुरी वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारींत. समोर रात्रभर मुंबई झगमगत असे, आणि त्या उजेडांत आमच्या होड्या दिसत असत, असें तो म्हणाला. १९८७ साली हें स्थळ साऱ्या जगाचा वारसा ठरलें. त्यानंतर एकतीस वर्षांनीं तेथें राहणारांच्या घरीं दिवा लागला. यावर आम्हीं काय बोलावें? आम्हीं आणखी एक चहा मागविला.

परततांना धक्क्यापर्यंत तो पोंचवावयास आला. आमच्या नातवानें तेव्हां विचारलें कीं, ज्याच्यावरून एलिफंटा नांव पडलें तो हत्ती कोठें आहे. "तुमच्याकडेच," गाइड म्हणाला. "आमच्याकडे होता तो राजबंदरला."

म्हणून पुढच्या रविवारीं आम्ही भायखळ्यास गेलों. राजबंदराच्या बाजूस एकाच दगडांतून घडविलेला तो हत्ती पोर्तुगीज दर्यावर्द्यांस उतरतांच दिसे, आणि त्यांनीं बेटास त्याचें नांव दिलें. त्याच्या पाठीवर आणखी एक लहान प्राणी कोरलेला होता. जुन्या प्रवाशांपैकीं कोणी त्यास हत्तीचें पिलूं म्हणतात, कोणी वाघ. जवळच एक दगडी घोडा होता असेंही सतराव्या शतकाच्या अखेरचे प्रवासी लिहितात. नीबूरच्या काळापर्यंत त्याचा मागमूस राहिला नव्हता. हत्तीचें डोकें व मान १८१४ साली गळून पडली. १८६४ साली त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलतांना यारीचा दांडा मोडला, हत्ती आपटला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मग राणीच्या बागेंत आणून टाकले गेले आणि १९१४ साली जोडून उभे करण्यांत आले. आज ती बाग वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखली जाते, आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणांत तो हत्ती उभा आहे. अंग ओबडधोबड, सांधे उघडे, पाठीवर ना पिलूं ना वाघ. आमचा नातू त्याच्याभोंवतीं दोन फेऱ्या घालून आला आणि त्यानें विचारलें, "आजोबा, ह्याला परत नेतां येत नाहीं का? लाँचींतून?" आम्हीं लाँचीची लांबी आठवून पाहिली.